शून्य मोजायला वीस वर्षं का लागली?

गेल्या आठवड्यात ठाण्याच्या एका महाविद्यालयात व्याख्यान संपवून जिना उतरत होतो, तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने गाठलं. म्हणाली, "सर, पुस्तकात प्रोटॉन म्हणजे दोन अप आणि एक डाउन क्वार्क, संपलं. तुम्ही म्हणालात त्यात स्ट्रेंज क्वार्कही असतात. मग त्यांचा वाटा मोजायला वीस वर्षं गेली आणि उत्तर आलं शून्य. शून्यच असेल तर ते आहेत कशावरून? आणि आहेत, तर शून्य कसं?" मला नेरुळची लोकल पकडायची होती. जिन्यातच अर्धंमुर्धं काहीतरी सांगितलं आणि गाडीत बसल्यावर स्वतःवरच चिडलो. प्रश्न चोख होता, उत्तर गचाळ. म्हणून हे सविस्तर, मुली, तुझ्यासाठी. तुझ्याआधी हे विचारणारे आणि अर्धं उत्तर घेऊन गेलेले बरेच जण आहेत, त्यांच्यासाठीही.

आधी गाठ सोडवू. "प्रोटॉनमध्ये स्ट्रेंज किती?" हा एक प्रश्न नाहीच. धावत्या प्रोटॉनच्या संवेगातला किती हिस्सा ते वाहतात, हा एक प्रश्न. त्याच्या स्पिनमध्ये, म्हणजे स्वतःभोवती फिरण्यासारख्या गुणात किती, हा दुसरा. वस्तुमानात किती, हा तिसरा. आणि विद्युतभार जागेत कसा पसरलाय, चुंबकत्व कुठून येतं, त्यात किती, हा चौथा. चौघांची उपकरणं वेगळी, उत्तरंही वेगळी. शून्याच्या जवळ गेलं ते मुख्यतः चौथ्याचं उत्तर, आणि माझी उमेदीची वर्षं त्याच चौथ्यात गेली.

आता ते आत असतातच का? प्रोटॉनच्या पोटात तीन क्वार्क शांत बसलेले नसतात. क्वार्कना बांधणारे ग्लुऑन सतत तुटून क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्या होतात, विझतात, पुन्हा होतात. या गर्दीला आम्ही समुद्र म्हणतो. अप आणि डाउन इतके हलके (अंदाजे २ आणि ५ एमईव्ही, हे कणांचं वस्तुमान मोजायचं ऊर्जेचं एकक) की त्यांच्या जोड्या सहज होतात. पण गोची अशी की समुद्रातला अप आणि मूळचा अप यांत फरक करता येत नाही, कपाळावर शिक्का नसतो. चार्म हा आणखी एक क्वार्क, पण फारच जड, १२०० एमईव्हीच्या वर. स्ट्रेंज मधला, ९५ च्या आसपास, म्हणजे क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या बलाच्या स्वतःच्या मापाहून, २०० ते ३०० एमईव्हीहून, हलका. त्यामुळे जोड्या व्हायला अडचण नाही. आणि मूळच्या तीनांत स्ट्रेंज एकही नाही. म्हणजे स्ट्रेंज सापडला की तो समुद्रातलाच, वाद नाही. आमचा खरा रस समुद्रात होता. स्ट्रेंज ही त्यात सोडलेल्या रंगासारखी खूण.

तुझ्या "आहेत, तर शून्य कसं" याचं उत्तर मला तलावपाळीवर सापडतं. रविवारी संध्याकाळी मासुंद्याच्या काठाने जोडपी फिरत असतात. समज, तू लांब गच्चीवर बसून असं यंत्र लावलंस की जे पुरुषाला अधिक एक आणि बाईला वजा एक मोजतं. जोडपी खांद्याला खांदा लावून चालत असतील तर काठ माणसांनी फुलला तरी यंत्र प्रत्येक ठिकाणी शून्यच दाखवणार. आता आपल्याकडच्या रीतीप्रमाणे नवरे दहा पावलं पुढे निघाले, बायका मागे राहिल्या, की लगेच यंत्रावर आकडा उमटेल: पुढच्या टोकाला अधिक, मागच्या टोकाला वजा. एकूण बेरीज तेव्हाही शून्यच. इलेक्ट्रॉनने प्रोटॉनचा भार तपासणं म्हणजे हे यंत्र. स्ट्रेंजचा भार वजा एक तृतीयांश, प्रतिस्ट्रेंजचा अधिक एक तृतीयांश, दोघांची संख्या सारखी. म्हणून एकूण भारात स्ट्रेंजचा वाटा नेमका शून्य, त्यासाठी प्रयोग नको. प्रयोग हे विचारतो, की ते एकमेकांपासून सरकलेले आहेत का?

डोकी मोजायची तर यंत्र वेगळं लागतं. न्यूट्रिनो स्ट्रेंजवर आदळला की त्या स्ट्रेंजचा चार्म होतो आणि एक म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) सुटतो. तो चार्म पुढे विघटन पावताना कधी कधी विरुद्ध भाराचा दुसरा म्यूऑन देतो. एकाच टकरीतून विरुद्ध भाराचे दोन म्यूऑन, म्हणजे बहुधा स्ट्रेंजला हात लागला. फर्मीलॅबमध्ये सीसीएफआर आणि नंतर न्यूटेव्ह या प्रयोगांनी लोखंडाच्या प्रचंड थरांतून अशा हजारो जोड्या गोळा केल्या. हिशेब आला की स्ट्रेंजचा समुद्र हलक्या प्रतिक्वार्कांच्या समुद्राच्या साधारण निम्मा. पुढे २०१२ मध्ये सर्न प्रयोगशाळेच्या एलएचसी या टक्करयंत्रावरच्या अ‍ॅटलसने दुर्बल बल वाहणाऱ्या डब्ल्यू आणि झेड कणांच्या मोजणीवरून म्हटलं की फार कमी संवेगाच्या क्वार्कांत तो निम्मा नाही, जवळजवळ बरोबरीचा आहे. त्यावर बरीच वादावादी झाली. आकडा काही असो, प्रोटॉनच्या संवेगातले दोन-चार टक्के स्ट्रेंज-प्रतिस्ट्रेंज वाहतात. म्हणजे काठावर माणसं आहेत. तुझ्या पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर इथे संपतं.

मग चौथा प्रश्न एवढा का पेटला? त्याला १९८८ ची पार्श्वभूमी आहे. सर्नमधल्या युरोपियन म्यूऑन कोलॅबोरेशनने प्रोटॉनच्या स्पिनमधला क्वार्कांचा वाटा मोजला आणि तो फारच कमी, जवळजवळ शून्य निघाला. आज आपण तो तीस टक्क्यांच्या आसपास धरतो, तेव्हा मात्र हाहाकार उडाला. त्या आकड्यांना हायपेरॉनच्या (स्ट्रेंज असलेल्या, प्रोटॉनच्या जड नातलगांच्या) विघटनांची जोड दिली की निष्कर्ष निघत होता: स्ट्रेंज क्वार्क प्रोटॉनच्या स्पिनविरुद्ध बऱ्यापैकी झुकलेले आहेत. त्याच वर्षी कॅप्लान आणि मनोहर यांनी दाखवलं की दुर्बल बलाच्या उदासीन प्रवाहातून, म्हणजे झेडच्या देवाणघेवाणीतून, स्ट्रेंजचा वाटा थेट वेगळा काढता येईल. पाठोपाठ १९८९ मध्ये मॅकिओन आणि बेक यांनी इलेक्ट्रॉन वापरून ते कसं करायचं हे मांडलं. स्पिनमध्ये जे एवढे लुडबुडतात ते चुंबकत्वात नसतील का? बहुतेक सैद्धांतिकांनी भाकितं केली ती ऋण, अनेकांची −०.३ न्यूक्लिअर मॅग्नेटॉनच्या (अशा कणांचं चुंबकत्व मोजायच्या एककाच्या) आसपास. प्रोटॉनचं एकूण चुंबकीय आघूर्ण २.७९, तेव्हा हे काही चिल्लर नव्हे.

अपेक्षेला चित्रही होतं. प्रोटॉन क्षणभर लॅम्डा आणि केऑन या दोन कणांत फुटतो, पुन्हा एक होतो. स्ट्रेंज जातो लॅम्डात, प्रतिस्ट्रेंज केऑनमध्ये. लॅम्डा जड, तो मध्याजवळ. केऑन हलका, तो बाहेर भटकतो. झाले की नवरे पुढे, बायका मागे! आम्ही सगळे याच चित्रावर भाळलो होतो.

आता मोजायचं कसं? इथे तुझ्यासारखे हुशार विद्यार्थी हमखास अडखळतात, तेव्हा सावकाश वाच. फोटॉन क्वार्कांना त्यांच्या भारानुसार पाहतो. म्हणून प्रोटॉनचं चुंबकत्व म्हणजे दोन तृतीयांश गुणिले अपचा वाटा, वजा एक तृतीयांश गुणिले डाउनचा, वजा एक तृतीयांश गुणिले स्ट्रेंजचा. तीन अज्ञातं, एक समीकरण. दुसरं समीकरण न्यूट्रॉन देतो: न्यूट्रॉन म्हणजे अप आणि डाउन यांची अदलाबदल केलेला प्रोटॉन, आणि या अदलाबदलीत स्ट्रेंज जागचा हलत नाही. ही अदलाबदल अगदी तंतोतंत नाही, पण आपल्या कामापुरती पक्की आहे. तिसरं समीकरण हवं तर क्वार्कांना वेगळ्या वजनाने पाहणारा कण हवा. तो झेड. त्याच्या काट्यावर अपचं वजन सुमारे +०.३८, आणि डाउन व स्ट्रेंजचं प्रत्येकी सुमारे −०.६९. "पण सर, फोटॉन काय आणि झेड काय, दोघंही डाउन आणि स्ट्रेंजला सारखंच वजन देतात, मग ते वेगळे कसे होणार?" हा प्रश्न मला दर वर्षी आला. ते वेगळे करतो न्यूट्रॉन. प्रोटॉनच्या दोन्ही समीकरणांत डाउन आणि स्ट्रेंज एकमेकांना चिकटलेले असतात, न्यूट्रॉनच्या समीकरणात चिकटलेले नसतात. तिन्ही सहगुणक मांडून निश्चयक काढ. शून्य येत नाही.

एक कटकट मात्र राहते. मोकळ्या न्यूट्रॉनचं लक्ष्य बनत नाही, तो पंधरा मिनिटांत विघटतो. ड्यूटेरिअम किंवा हेलिअम-३ मधल्या बांधलेल्या न्यूट्रॉनवर भागवावं लागतं. न्यूट्रॉनचे विद्युत फॉर्म फॅक्टर, म्हणजे भार जागेत कसा पसरलाय ते सांगणारे आकडे, ज्यांनी वर्षानुवर्षं मोजले त्या मंडळींचं नाव स्ट्रेंजच्या कुठल्याच बातमीत आलं नाही. त्यांच्याशिवाय आमचं तिसरं समीकरण काहीच कामाचं नव्हतं.

झेडची वस्तुमान-ऊर्जा ९१ जीईव्ही (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही). आमच्या इलेक्ट्रॉनांकडे तीन जीईव्हीच्या आसपास. प्रत्येक टकरीत फोटॉन ढिगाने काम करतो आणि झेडचा स्पर्श नाममात्र असतो. पण झेडची एक खोड आहे, तो डावं-उजवं करतो. दुर्बल बल आरशातल्या प्रतिमेशी सारखं वागत नाही, हे वू बाईंनी १९५७ मध्ये कोबाल्टवर दाखवलं होतं. इलेक्ट्रॉन-विकिरणातही (आदळून विखुरण्यातही) तसाच फरक दिसेल हे झेल्डोविच यांनी १९५९ मध्येच सुचवलं, आणि १९७८ मध्ये अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेत प्रेस्कॉट आणि मंडळींनी तो प्रत्यक्ष पाहिला. म्हणून युक्ती अशी: इलेक्ट्रॉनांचा स्पिन त्यांच्या गतीच्या दिशेने ठेवून प्रोटॉनवर मारा, मग उलट दिशेने ठेवून मारा, आणि विकिरणाच्या दरात किती फरक पडतो ते पाहा. फोटॉनला दोन्ही सारखे. फरक पडलाच तर तो झेडमुळे. दोन दरांचा फरक भागिले त्यांची बेरीज केली की आली असममिती.

आकार किती? एक जीईव्ही-वर्ग संवेगविनिमयाला (टकरीत इलेक्ट्रॉनने प्रोटॉनला दिलेल्या संवेगाच्या वर्गाला) साधारण ९० दशलक्षांश हे मूळ माप. आम्ही ०.१ च्या आसपास काम करायचो, म्हणजे काही मोजकेच दशलक्षांश. वाशीच्या एपीएमसीत मसाला मार्केटच्या बाजूला ट्रक काट्यावर चढताना तू पाहिले असशील. दहा टनांच्या भरल्या ट्रकात एक दशलक्षांश म्हणजे दहा ग्रॅम. हायड्रोजनवरची जी असममिती पुढे निर्णायक ठरली ती १.५८ दशलक्षांश, म्हणजे ट्रकात सोळा ग्रॅम वेलची. आणि ती मोजायची होती सव्वा ग्रॅमच्या आत, पाच-सहा वेलच्यांच्या. ट्रकचं डिझेल जळतंय, पाऊस पडतोय, ड्रायव्हर चहाला उतरतोय. तेव्हा काट्याचा आकडा कितीही अचूक असो, नुसतं वजन करून भागणार नाही. वेलची ठेव, काढ, ठेव, काढ, आणि फक्त फरक बघ. सेकंदाला तीस वेळा, कित्येक आठवडे.

गणितही बघून घे. मोजणीतली सांख्यिकी अनिश्चितता मोजलेल्या कणांच्या वर्गमुळाच्या व्यस्तात जाते. ०.१ दशलक्षांश हवं तर एकावर चौदा शून्यं एवढे इलेक्ट्रॉन. सेकंदाला दहा कोटी पकडले तरी दहा लाख सेकंद, जवळजवळ बारा दिवस अखंड. तेही ध्रुवीभवन, म्हणजे सगळ्यांचे स्पिन एका दिशेला लावणं, शंभर टक्के जमलं असं धरून. प्रत्यक्षात ऐंशीच्या घरात मिळतं आणि बीम अखंड कधीच नसतो. दर एवढे की एकेक इलेक्ट्रॉन मोजायच्या भानगडीत आम्ही पडत नसू. डिटेक्टरमधून येणारा प्रवाहच प्रत्येक खिडकीभर साठवून वाचायचा. जर्मनीत माइन्झच्या ए-४ प्रयोगाने उलट वाट धरली: लेड फ्लोराइडचे १०२२ स्फटिक लावून एकेक कण मोजला. मला ते जमलं नसतं.

खिडकी म्हणजे एका हेलिसिटीचा काळ, आणि हेलिसिटी म्हणजे स्पिन गतीच्या दिशेने की उलट. जेफरसन लॅबच्या हॅपेक्स प्रयोगांत ती ३३ मिलिसेकंदांची होती, कारण अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची आणि तिची बरोबर दोन आवर्तनं त्यात बसतात. विजेचा गुणगुणाट आपोआप शून्य होतो. आपल्याकडे ५० हर्ट्‌झ, तेव्हा नवी मुंबईत कोणी असा प्रयोग मांडलाच तर खिडकी २० किंवा ४० ची.

हेलिसिटी उलटते ती इलेक्ट्रॉनांवर नव्हे, त्यांच्या जन्माच्या ठिकाणी. गॅलिअम आर्सेनाइडच्या चकतीवर वर्तुळाकार ध्रुवित लेसर पडतो, त्यातून ध्रुवित इलेक्ट्रॉन सुटतात. लेसरची डावी-उजवी फिरत ठरवते पॉकेल्स सेल नावाचा स्फटिक, त्यावर काही हजार व्होल्ट उलटसुलट लावायचे. सगळं पाप इथे जन्मतं. व्होल्टेज उलटताना स्फटिक केसभर वेगळा वागला, तर एका फिरतीत प्रकाश किंचित जास्त, किंवा ठिपका किंचित उजवीकडे. मग इलेक्ट्रॉनही तसेच, आणि डिटेक्टरला दिसतो झेडने न केलेला फरक. सहा अंशांवर विकिरित इलेक्ट्रॉन पकडत असताना बीम हेलिसिटीबरोबर काही नॅनोमीटर सरकला तरी आमची झोप उडायची. सरासरीत तो फरक तेवढ्यावर आणेपर्यंत लेसरच्या टेबलावर माणसं म्हातारी होतात.

खोटं ओळखायची एक साधी सोय असते. लेसरच्या वाटेत अर्धतरंग पट्टी सरकवायची. त्यामुळे इलेक्ट्रॉनांची खरी फिरत उलटते, पण विजेच्या तारांना त्याचा पत्ता नसतो. खरी असममिती चिन्ह बदलते, तारांमधून गळलेली बदलत नाही. पट्टी आत, पट्टी बाहेर, दर काही तासांनी. आणखी एक खबरदारी: आत्ताची फिरत कोणती, हे मोजणाऱ्या संगणकाला लगेच सांगायचंच नाही. काही खिडक्या उशिराने सांगायचं, म्हणजे कोणा सर्किटला इच्छा असली तरी चहाडी करता येत नाही.

तरी चहाडी होतेच. एका प्रयोगात, जागेचं नाव नको, मी रात्रपाळीवर होतो. आमच्या रॅकमध्ये एका एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या यंत्राच्या) वाहिनीला डिटेक्टरऐवजी नऊ व्होल्टची साधी बॅटरी जोडलेली असे, रिमोटच्या खेळण्यात घालतो तीच. बॅटरीला डावं-उजवं कळत नाही, तिची असममिती शून्य यायलाच हवी. त्या रात्री ती ०.३ दशलक्षांश दाखवत होती. आधी वाटलं सांख्यिकी. तीन तासांनीही तेवढीच. पट्टी आत घातली, चिन्ह तेच. म्हणजे तार. आम्ही दोघांनी पहाटेपर्यंत एकेक केबल काढली. शेवटी सापडलं: दिवसपाळीत कोणीतरी, फिरत उलटते की नाही ते डोळ्यांनी पाहायला, हेलिसिटीचा सिग्नल एका ऑसिलोस्कोपला तांब्याच्या केबलने जोडला होता. बाकी सगळीकडे तो सिग्नल फायबरने जायचा, नेमका हाच एक तांब्यातून, आणि ऑसिलोस्कोपचा प्लग आमच्याच रॅकच्या बोर्डात. ग्राउंडमधून थेंब थेंब गळत होता. केबल उपटली, तासाभरात बॅटरी शून्यावर. "कोणीतरी" म्हटलं खरं, पण लॉगबुकात माझीच सही होती. दोन दिवसांचा डेटा टाकून द्यावा लागला, आणि त्यानंतर कित्येक महिने कॅन्टीनमध्ये मला बॅटरी म्हणून हाक मारत.

आता निकाल. एमआयटीच्या बेट्स केंद्रातल्या सॅम्पल प्रयोगाने २०० एमईव्हीच्या बीमने, मागे फेकले गेलेले इलेक्ट्रॉन पकडून, १९९७ मध्ये पहिला आकडा दिला. मधला आकडा धन बाजूला, म्हणजे बहुतेक भाकितांच्या उलट, पण चूकमर्यादा त्याहून मोठी. हॅपेक्सने ०.४८ जीईव्ही-वर्गावर मोजलं, शून्याशी सुसंगत. मग २००४-०५ मध्ये ए-४ ने ०.१ च्या आसपास शून्यापासून दोन सिग्मा (चूकमर्यादेच्या दुप्पट) दूर आकडा दिला. जेफरसन लॅबच्याच जी-शून्य प्रयोगाने ०.१२ ते १.० पर्यंत एका दमात मोजून शून्य नसल्याची शक्यता ८९ टक्के सांगितली. सगळे आकडे एकत्र काढले की चुंबकत्वात स्ट्रेंजचा ठसठशीत धन वाटा दिसायला लागला. त्या वर्षी परिषदांत काय उत्साह होता! मी स्वतः पैज लावली होती. हरलो.

निकाल लावला हेलिअमने. हेलिअम-४ चं केंद्रक म्हणजे सोन्यासारखं लक्ष्य. स्पिन शून्य, म्हणून चुंबकत्वाची भानगड नाही. प्रोटॉन-न्यूट्रॉन समसमान, म्हणून बाकीची बरीच पदं गळून पडतात. असममितीत उरतं एवढंच: फर्मी स्थिरांक गुणिले संवेगविनिमयाचा वर्ग, भागिले चार पाय अल्फा वर्गमूळ दोन, आणि त्याला गुणायचं "चार साइन-वर्ग थीटा, अधिक स्ट्रेंजचं पद" या कंसाने. वही काढ. विनिमय ०.०७७ जीईव्ही-वर्ग, फर्मी स्थिरांक १.१६६ गुणिले दहाचा उणे पाचवा घात, अल्फा एकास १३७. भागाकार येतो ६.९२ दशलक्षांश. थीटा हा दुर्बल आणि विद्युतचुंबकीय बलांचं मिश्रण सांगणारा कोन; साइन-वर्ग थीटा ०.२३१, त्याची चौपट ०.९२४. गुणाकार ६.४ च्या आसपास. बारीक दुरुस्त्या केल्यावर, स्ट्रेंज शून्य धरून, ६.३७. आणि हॅपेक्सने मोजलं ६.४०, सांख्यिकी अनिश्चितता ०.२३. हायड्रोजनवर स्ट्रेंजशिवाय अपेक्षित −१.६६, मोजलं −१.५८, अनिश्चितता ०.१२. हे २००७ साली छापून आलं. स्ट्रेंजचा विद्युत फॉर्म फॅक्टर त्या ठिकाणी ०.००२, अधिक-उणे ०.०१४. उत्साह ओसरला.

उरलेली आशा जास्त विनिमयावर होती. २००९ मध्ये हॅपेक्सची तिसरी फेरी ०.६२ वर झाली, निकाल २०१२ ला: विद्युत आणि चुंबकीय मिळून ०.००३, अनिश्चितता शतांशाच्या आसपास. पुन्हा शून्य.

दरम्यान लॅटिसवाले, म्हणजे अवकाश-काळाची जाळी करून महासंगणकावर क्वार्कांचं गणित सोडवणारे, स्वतंत्रपणे त्याच गावाला पोचले होते. लाइनवेबर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये, ऐन धामधुमीत, सांगितलं: −०.०४६, अधिक-उणे ०.०१९. तेव्हा आम्ही प्रयोगवाल्यांनी नाकं मुरडली. नंतरची थेट गणितं −०.०२ च्या आसपास आली. भाराचा एक तृतीयांश लावला की प्रोटॉनच्या २.७९ मध्ये स्ट्रेंजचा वाटा जेमतेम अर्धा टक्का, किंवा त्याहून कमी. म्हणजे काटेकोर शून्य नाही, पण आमच्या काट्याला दिसणारही नाही. ऋण चिन्हाचं भाकीत करणारे चिन्हापुरते बरोबर ठरले, आकाराने दहापट चुकले. जोडपी खांद्याला खांदा लावूनच चालत होती. नवरे पुढे असतीलच तर अर्धं पाऊल.

स्पिनचं काय झालं, ते थोडक्यात. हर्मिस आणि कंपास या प्रयोगांनी विकिरणात सुटलेले केऑन पकडून स्ट्रेंजचा स्पिन मोजला तर तो शून्याच्या आसपास. पण त्या हिशेबात क्वार्कापासून केऑन कसा बनतो याचं ज्ञान लागतं आणि ते कच्चं आहे. लॅटिस म्हणतं −०.०४ च्या आसपास. १९८८ ला वाटला त्याहून बराच कमी. वस्तुमानाची गंमत वेगळी. एकेकाळी काहींच्या हिशेबाने स्ट्रेंज प्रोटॉनच्या ९३८ पैकी ३०० एमईव्ही पुरवत होता. आता लॅटिस ४०-५० च्या घरात सांगतं. कृष्णद्रव्याचे कण शोधणारे या आकड्यावर नजर ठेवून असतात, कारण हिग्ज कणामार्फत होणारी त्यांची टक्कर स्ट्रेंजच्या या वाट्यावर बरीच अवलंबून असते. वस्तुमानात जोडीतले दोघे एकमेकांना खोडत नाहीत, हे लक्षात ठेव. तिथे डोकीच मोजली जातात.

आणि "वाया गेलं का?" हे तू विचारलं नाहीस, पण जिन्यातल्या तुझ्या मैत्रिणीच्या चेहऱ्यावर होतं. २०१८ मध्ये क्यूवीक प्रयोगाने प्रोटॉनचा दुर्बल भार, म्हणजे झेडच्या काट्यावरचं अख्ख्या प्रोटॉनचं वजन, छापला: ०.०७१९, अनिश्चितता ०.००४५. त्यामागची असममिती होती −२२६.५ अब्जांश. ट्रकात सव्वादोन ग्रॅम. हा आकडा प्रमाण प्रतिकृतीशी (कणभौतिकीच्या स्टँडर्ड मॉडेलशी) पडताळायचा तर प्रोटॉनच्या रचनेतली पदं आधी वजा करावी लागतात, आणि त्यांत स्ट्रेंजचं पद होतं. ते लहान आहे, किती लहान आहे, आणि किती खात्रीने, हे आमच्या वीस वर्षांच्या शून्यांमधूनच आलं. माइन्झमध्ये पी-२ नावाचा पुढचा प्रयोग उभा राहतोय, त्यालाही हेच उधार लागेल.

प्रकरण पुरतं मिटलेलं नाही. २.५ जीईव्ही-वर्गाच्या आसपास कोणी पाहिलेलं नाही आणि तिथे असममिती शंभर दशलक्षांशाच्या वर जाते, म्हणजे मोजायला सोपी, पण अशा टकरी फार विरळ. जेफरसन लॅबमध्ये तिथे मोजण्याचा प्रस्ताव आहे. कमी विनिमयावर शून्य म्हणून जास्तवरही शून्यच असेल, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. एकदा पैज हरलोय.

हेलिअमचा हिशेब स्वतः करून बघ. मग कंसातलं स्ट्रेंजचं पद म्हणजे दोन गुणिले स्ट्रेंजचा फॉर्म फॅक्टर, भागिले प्रोटॉन आणि न्यूट्रॉनच्या विद्युत फॉर्म फॅक्टरांची बेरीज, ती तिथे साधारण ०.८४. त्यात ०.०१४ घाल आणि असममिती किती हलते ते काढ. उत्तर या लेखातल्याच एका आकड्याशी जुळेल. कोणत्या, आणि का, हे कागदावर लिहून आण. रविवारी मी नेरुळलाच असतो, ठाण्याहून गाडी थेट आहे.